मदत हवी आहे : २२ जुलै २०२८चं खग्रास ग्रहण ख्रिसमस बेटावरून बघावं की जहाजावरून?

नमस्कार मंडळी,

बाबांना २२ जुलै २०२८चं खग्रास सूर्यग्रहण दाखवायचं आहे, आणि तेही हिंदी महासागरातून. अजून वेळ आहे असं वाटेल, पण एवढ्याशा बेटांवर खोल्या मोजक्याच असणार. म्हणून जाणकारांनी लवकर मार्गदर्शन करावं ही विनंती.

हिंदी महासागरच का, ते सांगते. बाबा मर्चंट नेव्हीत इंजिनियर होते. तरुणपणी त्यांचं जहाज फॉस्फेट भरायला ख्रिसमस बेटाला लागलं होतं. तिथल्या फ्लाइंग फिश कोव्ह या बंदरात कड्याखाली जहाज उभं, वरून पट्ट्यावरून फॉस्फेट होल्डमध्ये पडतंय, आणि धुळीने डेक, कपडे, भुवया सगळं माखलेलं, हे वर्णन आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. निवृत्त झाल्यावर बाबांना आकाशदर्शनाचा नाद लागला. २००९च्या २२ जुलैला आम्ही सगळे सुरतेला गेलो होतो. पहाटेपासून पावसाळी ढग. भर सकाळी अंधार झाला, पक्षी गप्प झाले, पण करोना (सूर्याभोवतीचं तेजोवलय) दिसली नाही ती नाहीच. आता बाबा ७४ वर्षांचे आहेत. २०२८च्या ग्रहणाचा पट्टा, म्हणजे जिथून खग्रास दिसतं ती चिंचोळी वाट, ख्रिसमस बेटावरून जातोय हे कळल्यापासून त्यांनी भिंतीवर नकाशा लावलाय.

माझ्या माहितीप्रमाणे हा पट्टा हिंदी महासागरात सुरू होतो, कोकोस कीलिंग बेटं आणि ख्रिसमस बेट ओलांडून ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागात शिरतो, मग तिरका खाली सिडनीवरून न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाकडे जातो. सर्वांत जास्त काळ, म्हणजे ५ मिनिटं १० सेकंद, खग्रास स्थिती किंबर्लीत आहे. बेटांवर त्याहून कमी, आणि तिथे ते सकाळीच होणार.

(शोधणाऱ्यांनी एक सांभाळा. किरिबातीमध्येही एक ख्रिसमस बेट आहे, पार प्रशांत महासागरात. नेटवर दोघांची माहिती सर्रास एकत्र येते.)

एका एजंटने बेटांजवळून जाणाऱ्या क्रूझचं पत्रक पाठवलंय. त्यावर ‘ग्रहणदर्शन हमखास’ असं छापलंय. ढगांच्या बाबतीत हमखास कसं काय म्हणता येईल? जहाज खरंच ढग टाळू शकतं का? की बेटावर पाय रोवून बसणं बरं? आईला बोट लागते, गुडघेही दुखतात, त्यामुळे लहान बोटीतून चढ-उतार कितपत झेपेल याची काळजी आहे. बाबांना दुर्बिणीतून फोटो काढायचेत, ते हलत्या डेकवर जमतं का? आणि भारतीय पासपोर्टवर या बेटांसाठी वेगळं काही लागतं का?

पैशांची तयारी आहे, पण ती एकदाच करता येईल. म्हणून इतकं सविस्तर विचारतेय.

प्रतिसाद, पर्थहून

ताई, दोन्ही बेटं ऑस्ट्रेलियाच्याच ताब्यात आहेत, त्यामुळे व्हिसा ऑस्ट्रेलियाचा. विमान पर्थहून मिळतं, पण रोज नाही. ख्रिसमस बेटाची वस्ती दोन हजारांच्या आत, कोकोसची सहाशेच्या आसपास. कोकोसमध्ये २७ प्रवाळबेटं, त्यांतल्या फक्त दोनांवर माणसं राहतात. तेव्हा खोली हातात आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका.

ढगांचं म्हणाल तर ख्रिसमस बेटावर जुलै त्यातल्या त्यात कोरडा, आग्नेयेकडून वारा. पण ख्रिसमस बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला डोंगर, सगळ्यात उंच जागा ३६१ मीटर. दमट वारा चढाला लागला की माथ्यावर ढग धरतो. कोकोस अगदी सपाट, समुद्रापेक्षा जेमतेम काही मीटर वर, तिथे असा ढग धरायला डोंगरच नाही. मात्र कोकोस आणखी पश्चिमेला, म्हणून सूर्य तिथे आणखी खाली असेल. सूर्य पूर्व-ईशान्येला असणार. काकांना फ्लाइंग फिश कोव्हमध्येच उभं राहायचं असेल तर त्यांचा तो प्रसिद्ध कडा सूर्याच्या आड येत नाही ना, हे आदल्या सकाळी त्याच वेळेला उभं राहून बघा. काकांना स्वतःलाच हे आधी सुचेल म्हणा.

कोकोसला जाणार असाल तर डायरेक्शन बेट चुकवू नका. १९१४च्या सप्टेंबरात मद्रासवर तोफा डागून गेलेली जर्मन युद्धनौका एमडेन त्याच नोव्हेंबरात तिथलं तारायंत्राचं ठाणं बंद पाडायला आली आणि ऑस्ट्रेलियाच्या ‘सिडनी’ने तिला तिथेच गाठलं. मर्चंट नेव्हीतल्या माणसाला ही जागा नक्की आवडेल.

प्रतिसाद, ऑकलंडहून

११ जुलै २०१०चं ग्रहण मी जहाजावरून बघितलंय, फ्रेंच पॉलिनेशियात, तुआमोतु द्वीपसमूहाजवळ. तुमचं ग्रहण त्याच घराण्यातलं आहे, सॅरोस १४६. एका सॅरोसनंतर, म्हणजे १८ वर्षं, १० दिवस आणि काही तासांनी, तसंच ग्रहण पृथ्वीच्या साधारण एक तृतीयांश फेऱ्याइतकं पश्चिमेला सरकून पुन्हा होतं. आमचं पॉलिनेशियात झालं, त्याचंच पुढचं तुमच्या वाट्याला येतंय, हे वाचून खरंच बरं वाटलं.

जहाज ढग टाळू शकतं, पण मर्यादेत. १५ नॉटने, म्हणजे ताशी १५ सागरी मैलांनी, रात्रभरात दहा तासांत १५० सागरी मैल होतात. रात्री उपग्रहाचं चित्र बघून कप्तान मोकळ्या आभाळाकडे जाऊ शकतो, शेवटच्या तासात एखाद्या छोट्या ढगाच्या सावलीतूनही बाहेर काढू शकतो. सगळं आभाळ भरलं असेल तर कोणाचाच इलाज नाही. ‘हमखास’ लिहिणाऱ्याला सरळ विचारा: त्या रात्री मार्ग बदलायचा अधिकार कप्तानाला आहे का, की ठरलेल्या वेळी ठरलेल्या बंदरात जायचंच आहे? जहाजावर हवामान समजणारा माणूस असेल का? खग्रासच्या वेळी डेकचे दिवे बंद करणार का? धुराड्याचा धूर सूर्याच्या बाजूला जाणार नाही असं जहाज वळवणार का? या चार प्रश्नांची उत्तरं लेखी मिळाली तरच पैसे भरा.

आमच्या वेळी सकाळी नऊच्या आतच खग्रास झालं. ढगांचे पुंजके होते, कप्तानाने जहाज दोनदा वळवलं. मग पश्चिमेकडून समुद्राचा रंग बदलत आला, निळ्याचा शाईसारखा झाला, आणि हिऱ्याची अंगठी (सूर्याच्या कडेला उरलेला शेवटचा लखलखता ठिपका) दिसली. करोना दोन्ही बाजूंना लांब पसरलेली होती, सूर्य तेव्हा शांत असल्यामुळे. क्षितिजावर चहूबाजूंना संधिप्रकाश. बेटावर झाडं आड येतात, भर समुद्रात पूर्ण वर्तुळ दिसतं. माझं मत जहाजाच्या बाजूने पडतं ते याच्यासाठी.

फोटोंचं मात्र सोडून द्यायला सांगा. इंजिनाची थरथर तिवईतून वर येते. हातात कॅमेरा धरून कमी वेळाचे शॉट घेता येतात, लांब एक्स्पोजर जमत नाही. त्यापेक्षा बाबांना चांगली दुर्बीण द्या. खग्रास पूर्ण असेल तेवढ्याच मिनिटांत ती विनाफिल्टर वापरायची, आणि अंगठी पुन्हा दिसायच्या आत डोळ्यांवरून काढायची. त्यांच्या शेजारी कोणीतरी घड्याळ लावून उभं राहून ओरडायला हवं. त्या वेळी माणसाला भान राहत नाही.

आईंसाठी केबिन खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर घ्या, तिथे हेलकावे सगळ्यात कमी. गोळी डॉक्टरांना विचारूनच, आणि झोप आणणारी गोळी ग्रहणाच्या सकाळी नको. विम्यात समुद्रातून हलवून नेण्याचा वैद्यकीय खर्च आहे ना, हे शब्दन्‌शब्द वाचा. तिथून रुग्णालय खूप लांब आहे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ऑकलंडच्या दादांचे चार प्रश्न जसेच्या तसे एजंटला पाठवलेत. बाबांना प्रतिसाद वाचून दाखवले. कड्याचं वाचून ते म्हणाले, “बरोबर आहे त्यांचं, सकाळी कोव्ह बराच वेळ सावलीत असतो,” आणि लगेच होकायंत्र शोधायला उठले.

आईने वेगळाच पर्याय काढलाय. तिने सिडनीला भाचीकडे राहावं, तिथे खग्रास दुपारी आहे आणि तीन मिनिटांहून जास्त. मी आणि बाबांनी जहाजाने जावं. पण दोघांनी हे एकमेकांच्या शेजारी उभं राहून बघावं अशी माझी फार इच्छा आहे. म्हणून आता मुख्य प्रश्न एवढाच: कोकोसला मोठ्या जहाजातून किनाऱ्यावर उतरावं लागत असेल तर ती चढ-उतार सत्तरीतल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला झेपते का, आणि आम्ही कोकोसला उतरलोच नाही, ग्रहण फक्त डेकवरून बघितलं, तर तशी परवानगी असते का? कोणी लहान एक्स्पिडिशन जहाजाने गेलं असेल तर शिडी किती उंच असते, आधाराला माणूस असतो का, ते लिहा. झेव्हियर जुबिए यांचा नेटवरचा ग्रहणाचा नकाशा उघडून बेटांवरच्या वेळा मी काढतेय, आज रात्री इथेच टाकते.