१६०७ : ह्यू ओनील यांनी अल्स्टर सोडायला नको होतं

शेतबांध :
सप्टेंबर १६०७. आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातल्या रॅथमलनच्या किनाऱ्यावरून टायरोनचे अर्ल ह्यू ओनील, टिरकॉनेलचे रोरी ओडॉनेल आणि त्यांचा गोतावळा, अशी नव्वदच्या वर माणसं गुपचूप जहाजात बसली. हे दोघे सरदार परत आलेच नाहीत. यावर हळहळणारे पुष्कळ, मला मात्र राग येतो. १६०१ला किन्सेलच्या लढाईत इंग्रजांपुढे हरूनही १६०३च्या मेलिफाँट तहात ओनील यांचा बहुतेक मुलूख वाचला होता. ते गेले, राजद्रोहाचा ठपका बसला, अल्स्टरच्या सहा काउंट्या (जिल्हे) खालसा झाल्या आणि तिथे इंग्रज-स्कॉटिश वसाहती उभ्या राहिल्या. ओनील यांना रोममध्ये तनखा मिळाला. मागे राहिलेल्या भाऊबंदांना काय मिळालं?

खलाशी :
राहिलेल्यांचं तरी काय भलं झालं? नील गार्व ओडॉनेल तर इंग्रजांच्या बाजूने लढले होते. १६०९ला त्यांना लंडनच्या टॉवर तुरुंगात टाकलं, १६२६ला तिथेच मेले. ओनील यांच्या हाताखालचे सरदार डोनाल ओकॅहन तर ओनील यांच्याविरुद्धच फिर्याद घेऊन सरकारदरबारी गेले होते. तेही खटल्याविना टॉवरमध्येच संपले. ओनील यांनाही लंडनचं बोलावणं आलं होतं. तिथून ते सुखरूप परतले असते असं खरंच वाटतं तुम्हाला?

शेतबांध :
ओकॅहनांची फिर्याद काय होती तेही बघा ना. गेलिक म्हणजे मूळ आयरिश रिवाजात मुलूख सरदाराच्या खाजगी मालकीचा नव्हता, सरदार भाऊबंदांतून निवडला जाई. १५४१पासून जमीन इंग्लंडच्या राजाच्या पायाशी ठेवायची आणि सनदेने परत घ्यायची, ही पद्धत आली आणि सरदार मालक झाला. त्याच सनदेच्या जोरावर ओनील ओकॅहनांना आपलं कूळ ठरवू पाहत होते. एकाच्या नावावर चढलेली जमीन त्या एकाच्या गुन्ह्यात सगळ्यांचीच गेली.

रानवाट :
इथे आयर्लंडमधले सरकारी मुख्य वकील, म्हणजे ॲटर्नी जनरल, सर जॉन डेव्हिस यांना विसरू नका. ओकॅहनांच्या वेळी त्यांना ओनील यांच्याविरुद्ध इतरांचे हक्क दिसत होते. १६१०ला खालसा झालेल्या कॅव्हन काउंटीच्या रहिवाशांनी वकील उभा केला, तेव्हा याच डेव्हिसनी सांगितलं की गेलिक रिवाजाचा हक्क कायद्यात बसतच नाही. जमीन घ्यायचीच ठरलेली होती, ओनील गेले काय, राहिले काय.

शेतबांध :
मग थॉमंडचे आयरिश सरदार ओब्रायन कसे टिकले? १५४३ला अर्लपद घेतलं, चौथे अर्ल किन्सेलला इंग्रजांकडून लढले, घराणं राहिलं.

खलाशी :
टिकले, पण कॅथलिक धर्म सोडून, प्रोटेस्टंट होऊन. ही किंमत ओनील यांनी द्यायला हवी होती, असं मी तरी म्हणणार नाही. आणि त्यांच्या घरातलं एक माणूस मागे राहिलं होतंच. लहानगा कॉन, त्यांचा मुलगा. निघायच्या घाईत तो सापडला नाही, गुराख्यांबरोबर रानात होता. इंग्रजांनी पकडून ईटनच्या शाळेत घातला आणि १६२२ला टॉवरमध्ये टाकला.

शेतबांध :
कॉनचं वाचून पोटात तुटलं. पण त्याला शोधायला माणसं तरी धावली होती. ज्या गुराख्यांबरोबर तो होता, त्यांना जहाज निघतंय हे कुणी सांगितलं होतं?