मदत हवी आहे : भावाच्या रक्ताची क्रोमोसोम तपासणी

मंडळी, इथे कोणी रेडिएशन सेफ्टी किंवा सायटोजेनेटिक्सवाले (म्हणजे क्रोमोसोमची तपासणी करणारे) आहेत का?

धाकटा भाऊ पाइपांच्या वेल्डिंगची रेडिओग्राफी करतो, म्हणजे किरणांनी फोटो काढून जोड तपासतो; किरणोत्सर्गी इरिडियम-१९२चा कॅमेरा. अंगावर पडलेले किरण मोजणाऱ्या टीएलडी बॅजवर या तिमाहीत १४० मिलिसिव्हर्ट (किरणांच्या डोसचं माप) आले! आपल्याकडची मर्यादा एका वर्षात ३०. तो म्हणतो, बॅज लावलेला जॅकेट कॅमेऱ्याजवळ खुंटीला राहिला होता, अंगावर नव्हताच. मला पटतं, पण साहेबांना कसं पटावं? आता हिरव्या बुचाच्या हेपरिन नळीत रक्त घेऊन गेलेत, 'डायसेंट्रिक', म्हणजे किरणांनी मोडून चुकीचे जुळलेले क्रोमोसोम, मोजायला.

वाचून एवढं कळलं: पेशी ४८ तास वाढवतात, मग एकाऐवजी दोन सेंट्रोमिअर (क्रोमोसोमचा आवळलेला भाग) असलेले वेडेवाकडे क्रोमोसोम शोधतात. निरोगी माणसातही हजार पेशींत एखादा सापडतो. पण ही पद्धत साधारण १०० मिलिग्रेच्या (अशा किरणांसाठी हे साधारण मिलिसिव्हर्टइतकंच) खालचं नीट दाखवत नाही म्हणतात. मग १४० म्हणजे अगदी काठावरच की. ५०० पेशी मोजून एक-दोन सापडले, तर त्यातून काय सिद्ध होणार? निदान हजार मोजा असा आग्रह धरावा का?

दुसरं, दोन महिन्यांपूर्वी मुतखड्यासाठी पोटाचा सीटी स्कॅन झालाय. त्याचे मोजके मिलिसिव्हर्ट यात दिसणार नाहीत असं मला वाटतं, तरी आधी सांगून ठेवावं का? आणि निकाल 'शून्य' आला, तर बॅजचा आकडा नोंदीतून काढतात का? कोणी या चौकशीतून गेलं असेल तर सांगा. आई रोज विचारते, रिपोर्ट आला का.