चालत्या कंटेनरला तयार ऑब्जेक्ट देणे: ‘नोंदणी’ की ‘दाखल’?

रावपुरेकर: डिपेंडन्सी इंजेक्शनवर, म्हणजे प्रोग्रामच्या एका भागाला लागणारे ऑब्जेक्ट त्याने स्वतः न घडवता बाहेरून पुरवण्याच्या पद्धतीवर, मराठीत टिपण लिहीत आहे. हे पुरवण्याचे काम करतो तो कंटेनर. क्लासची, म्हणजे ऑब्जेक्टच्या आराखड्याची, माहिती दिली की ऑब्जेक्ट कंटेनरच घडवतो. याला मी ‘नोंदणी’ म्हटले. परंतु प्रोग्राम चालू असताना आधीच घडलेला ऑब्जेक्ट, उदाहरणार्थ लॉगिननंतर उघडलेले डेटाबेस कनेक्शन, कंटेनरच्या हवाली केला तर काय म्हणावे? आमचे वडील म्हणतात, नोंद वहीत होते, वस्तू दाखल होते.

मांडवीकर: ‘प्रविष्ट’ असताना फारसीमार्गे आलेला ‘दाखल’ कशाला?

दांडियाबाजारकर: इस्पितळात रोगी दाखल होतो, प्रविष्ट होत नाही. आपल्याच बडोद्यात १९३१ साली निघालेल्या ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ या राज्यकारभाराच्या शब्दकोशाने संस्कृत आणि फारसी प्रतिशब्द शेजारीशेजारी दिले, तिथे हा सोवळेपणा नव्हता.

माझ्या मते मात्र खरा भेद मालकीचा आहे. स्प्रिंग या जावाच्या चौकटीमध्ये ‘रजिस्टरसिंगलटन’ने दिलेला ऑब्जेक्ट पूर्ण तयार आहे असे गृहीत धरतात, कंटेनर त्याची सुरुवातीची जुळवाजुळव करत नाही आणि शेवटी त्याची विल्हेवाटही लावत नाही. ही ‘अनामत’ झाली. उलट ऑटोफॅक या डॉट नेटसाठीच्या कंटेनरमध्ये ‘रजिस्टरइन्स्टन्स’ केलेला ऑब्जेक्ट, त्याला ‘एक्स्टर्नलीओन्ड’ (मालकी बाहेरची) अशी खूण केली नसेल तर, स्वतः बंद होताना कंटेनरच मोडीत काढतो. हे ‘सुपूर्द’ करणे होय. दोहोंना ‘नोंदणी’ म्हटले, तर कनेक्शन कोणी बंद करायचे हे वाचकाला कळणार नाही.

मांडवीकर: भेद मान्य आहे, पण गुजरातीत ‘अनामत’ म्हणजे आरक्षण. येथील मुले हा शब्द वाचून भलत्याच वादात शिरतील. अस्सल मराठी ‘ठेव’ काय वाईट आहे?

रावपुरेकर: परंतु मूळ अडचण चालत्या कंटेनरची आहे. डॉट नेटच्या अंगभूत कंटेनरमध्ये प्रोव्हायडर, म्हणजे ऑब्जेक्ट पुरवणारा भाग, एकदा बांधला की नवी भर घालताच येत नाही. ऑटोफॅकमध्ये त्यासाठी आत नवा स्कोप, म्हणजे मर्यादित आयुष्याचा उपकप्पा, उघडून तयार ऑब्जेक्ट त्यात द्यावा लागतो. या उशिराच्या भरतीला वेगळे नाव हवे की नको?

दांडियाबाजारकर: ते पुढे पाहू. ‘ठेव’ मला पटत नाही, कारण ठेव म्हटली की ती हवी तेव्हा काढून घेण्याचा हक्क आला, आणि ऑटोफॅकमध्ये केलेली नोंद मागे घेण्याची सोय नाही.

मांडवीकर: मुदत ठेवही मुदतीआधी सहजासहजी मिळत नाही, तरी तिला आपण ठेवच म्हणतो.