'राउंड'ची जात कोणती?

आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा परवा वही घेऊन आला. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याची जात. 'राउंड'समोर लिहिलेलं : गोल, विशेषण. खाली दोन रेघा ओढलेल्या. "सर, गाइडात असंच दिलंय. मग हितं ह्ये क्रियापद कसं काय झालं?" असं म्हणून त्यानं सराव प्रश्नपत्रिकेतलं वाक्य दाखवलं : 'द बस राउंडेड द कॉर्नर'.

त्याला तेव्हा थोडक्यात सांगितलं. इथं जरा सविस्तर लिहितो, कारण अशी दोन रकान्यांची वही मी अनेक मुलांकडं पाहिली आहे, आणि त्यात मुलांची चूक नाही. आपण त्यांना शब्दाची जात पाठ करायला लावतो. इंग्रजीत ती पाठ करून भागत नाही, वाक्यात बघावी लागते.

'राउंड'च घ्या. 'अ राउंड टेबल' म्हटलं की टेबल कसं आहे ते कळतं, म्हणून विशेषण. मॅटवरच्या कुस्तीतला 'सेकंड राउंड' हे नाम. 'वुई वॉक्ड राउंड द लेक' यात पुढं 'द लेक' आहे, तेव्हा ते शब्दयोगीचं काम करतंय. फरक इतकाच की आपलं शब्दयोगी नामाच्या मागून चिकटतं आणि इंग्रजीतलं आधी येऊन उभं राहतं. 'ही टर्न्ड राउंड' यात पुढं काहीच नाही, फक्त कसा वळला ते सांगितलंय, म्हणून क्रियाविशेषण. आणि वळण घेणाऱ्या बसमधलं क्रियापद. पाच कामं, रूप तेच. फक्त क्रियापदाला 'एड' लागलाय.

आता आपण काय करतो बघा. संध्याकाळी "चल, रंकाळ्याला एक राउंड मारून येऊ" म्हणतो. 'राउंडून येऊ' असं कोल्हापुरात कुणी म्हणत नाही, कोल्हापूरबाहेरही नाही. फोन कर, डाउनलोड कर, ट्राय मार. मूळ इंग्रजीत क्रियापद असलेला शब्दसुद्धा मराठीत आला की नामासारखा बसतो आणि क्रियेचं ओझं 'कर' किंवा 'मार' उचलतात. ऑक्सफर्डच्या कोशानं २००६ मध्ये 'गूगल' हे क्रियापद म्हणून घेतलं. आपण मात्र 'गूगल कर'च म्हणतो.

मराठीत नामाचं क्रियापद होत नाही असं नाही. लाजेवरून लाजणे, चोरावरून चोरणे, हातावरून हाताळणे, पाण्यावरून पाणावणे. पण बहुतेक वेळी शब्दाला काहीतरी जोडावं लागतं, आणि ते जोडलेलं दिसतं. त्या खुणेची आपल्याला सवय आहे. इंग्रजीत 'हँड मी दॅट बुक', म्हणजे 'ते पुस्तक मला दे', म्हणताना हात तसाच राहतो आणि क्रियापद होऊन जातो. आपला माणूस अडतो तो इथं.

त्या मुलाला मी 'आय वॉटर्ड द शुगरकेन' हे वाक्य दिलं. आधी तो 'मी', 'पाणी', 'ऊस' असे तीन तुकडे मांडून बसला. मी म्हटलं, 'आय' आणि 'द शुगरकेन' यांच्या मधल्या जागेत काय बसेल? क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "म्हंजे उसाला पाणी पाजलं की!" घरी रात्री-अपरात्री पाण्याची दारं धरणारा मुलगा तो. त्याला 'वॉटर'चं भाषांतर नको होतं, वाक्यातली जागा दिसायला हवी होती.

इंग्रजी अशी का झाली? ती आधी अशी नव्हती. जुन्या इंग्रजीत प्रेम हे नाम 'लुफु' आणि प्रेम करणे हे क्रियापद 'लुफिअन' असं लिहीत. म्हणजे आपल्यासारखेच प्रत्यय होते. अकराव्या ते पंधराव्या शतकाच्या दरम्यान ते झिजत गेले आणि दोन्हींचं 'लव्ह' झालं. खूण गेली, तिचं काम शब्दाच्या जागेनं उचललं.

थोडी खूण अजून उच्चारात उरलीय. रिक्षाचं 'परमिट' म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर, परवानगी देणे या अर्थी 'परमिट' म्हणताना दुसऱ्यावर. 'यूज' हे नाम असेल तर शेवटी 'स', क्रियापद असेल तर 'झ'. आपण दोन्ही एकसारखे म्हणतो, म्हणून ही मदत आपल्या हातून जाते. शिकवताना हे मोठ्यानं म्हणून दाखवायला हवं.

सगळ्यात जास्त गुण घालवणारा शब्द माझ्या मते 'बट'. 'ऑल बट वन पास्ड' याचा अर्थ मुलं 'सगळे, पण एक पास झाला' असा काय काय लावतात. तिथं 'बट' म्हणजे 'सोडून' : एक सोडून सगळे पास. उभयान्वयी 'पण' तिथं नाहीच.

मराठीत हे अगदीच परकं आहे असंही समजू नका. 'शहाण्याला शब्दांचा मार' यात 'शहाणा' हे विशेषण विभक्ती घेऊन नाम झालंय, आणि 'मार' हे इथं नाम असलं तरी 'त्याला मार' म्हटलं की क्रियापद.

दुसऱ्या एकानं विचारलं, मग 'वेल'चं काय? विहीरही तीच, आणि 'नीट', 'बरा'ही तेच? नाही. हे दोन वेगळे शब्द आहेत, मुळापासून वेगळे; लिहिताना सारखे झाले इतकंच. आपल्याकडं सरकारला भरायचा 'कर' आणि 'काम कर'मधला 'कर' जसे. 'शी इज वेल' आणि 'शी सिंग्ज वेल' हा एकच शब्द दोन कामांत. विहिरीचा 'वेल' निराळा. पण डोळे भरून येतात तेव्हा 'टिअर्स वेल्ड अप' म्हणतात, तिथलं क्रियापद मात्र त्या विहिरीच्या घरचं आहे. झऱ्याचं पाणी खालून वर येतं, तसं.