नाडीची लय राहून गेली

बीपी आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात असलं की सत्तरीनंतरही पक्षाघाताची फारशी भीती नाही, असा पक्षाघाताबद्दलच्या या चर्चेतल्या प्रतिसादांचा सूर आहे. पण या वयात एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाची लय अनियमित होणं) बरंच आढळतं आणि अनेकांना त्याचं एकही लक्षण जाणवत नाही. त्यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, तिथे रक्त साकळून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत जाऊन अडकली की पक्षाघात होतो.

घरातल्या वयस्कर माणसाला पाच मिनिटं शांत बसवून त्याच्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा (स्वतःचा अंगठा नको, त्याचीच नाडी लागते) आणि पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर आकडा मिळतो, लय निसटते. ठोके मागेपुढे पडत असतील तर ईसीजी काढाच. तो जेमतेम १० सेकंदांचा असतो. लय अधूनमधूनच बिघडत असेल तर नॉर्मल येतो. मग होल्टर (एक-दोन दिवस किंवा जास्त काळ अंगावर राहून सतत ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र) लावावा लागतो.

निदान झालं की डॉक्टर पक्षाघाताच्या धोक्याचे गुण मोजतात. वय ६५ ते ७४ असेल तर १, ७५ पासून २. आधी पक्षाघात किंवा टीआयए (थोड्या वेळात आपोआप बरा होणारा तात्पुरता झटका) झाला असेल तर २. उच्च रक्तदाब, मधुमेह, हार्ट फेल्युअर (हृदयाची रक्त पंप करण्याची ताकद कमी पडणं), रक्तवाहिन्यांचा आजार यांना प्रत्येकी १. बीपी गोळीने नॉर्मल असलं तरी तो गुण धरायचाच, म्हणजे ७६ वर्षांच्या अशा माणसाचे तिथेच ३ झाले. २ गुणांपासून रक्त पातळ करणारी गोळी सहसा सुचवतात. ॲस्पिरिन तिची जागा घेऊ शकत नाही.