४०२ विकायला काढलाय (कोल्हापुरातल्या एका सोसायटीचा ग्रुप)

बी-४०२: नमस्कार मंडळी. बाहेरून कानावर येण्याआधी मीच टाकतो. आपला फ्लॅट विकायला काढलाय. आर. के. नगरला लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये टोकन देऊन आलोय कालच. कुणाच्या बघण्यात चांगलं गिऱ्हाईक असेल तर सांगा, एजंटला पैसे घालण्यापेक्षा ओळखीत गेलेला बरा. एनओसीचा, म्हणजे सोसायटीच्या ना-हरकत दाखल्याचा, विषय रविवारच्या मीटिंगला घ्यावा ही विनंती 🙏

ए-२०३ वहिनी: काय????

बी-१०१: काय सांगालाईस भावा. गेल्या गणपतीत आरतीनंतर तूच म्हणालास की मेलो तरी ही बिल्डिंग सोडणार न्हाई, व्हिडिओ हाय माझ्याकडं

बी-४०२: तेव्हा आईचे गुडघे चालत होते रे

सेक्रेटरी काका: सदर ग्रुप फक्त सूचनांसाठी आहे. वैयक्तिक चर्चा वैयक्तिक नंबरवर करावी.

सी-१०२ अण्णा: सेक्रेटरीसाहेब काल तुम्हीच इथं आंब्याच्या पेट्या विकल्या

ए-२०३ वहिनी: भाऊजी खरं कारण सांगा. पार्किंगवरनं काय झालं का परत?

बी-४०२: नाही ओ वहिनी, पार्किंगवरनं घर सोडायचं असतं तर अख्खी बिल्डिंग रिकामी झाली असती. लिफ्ट नाही हे कारण सांगायला सोपं आहे म्हणून तेच सांगतोय सगळ्यांना. ७२ पायऱ्या आहेत, आईनं मोजल्यात. दिवाळीपासून ती तीन वेळा खाली आलीय, त्यातली दोन वेळा दवाखान्याला. भाजीवाल्या मावशी आल्या की गॅलरीतून दोरीला पिशवी सोडते, वरनंच भाव करते, आणि पिशवी वर येताना ३०२ च्या ग्रीलला अडकली की ३०२ वहिनी लाटणं घेऊन धावतात सोडवायला. बघणाऱ्याला गंमत वाटते, पण मी रोज ऑफिसला निघताना बघतो आणि दिवसभर डोक्यात तेच.

बी-३०२ वहिनी: लाटणं न्हवं ओ, उलथनं. लाटणं पोचत नाही तिथवर

बी-३०२ वहिनी: आणि त्याचा कधी त्रास झाला नाही मला, ४०२ मावशी पिशवीतलं एक लिंबू माझ्यासाठी ठेवतात

सी-१०२ अण्णा: मी तर १० वर्षं म्हणतोय जाणार जाणार. पाण्याची टाकी गळती, वरच्यांची पोरं रात्री ११ ला फुटबॉल खेळतात, जिन्यातला बल्ब मीच बदलतो. कोण गेलंय? मी हाय तिथंच हाय

बी-१०१: अण्णा तुम्ही गेला तर बल्ब कोण बदलणार, तुम्हाला एनओसी मिळत नसते 😂

ए-४०१ सर: अण्णांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. शिकवत होतो तेव्हा दरवर्षी हा भाग घ्यायचो. १९५५ साली पीटर रॉसी नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं फिलाडेल्फिया शहरातल्या कुटुंबांचा अभ्यास मांडला, लोक घर का बदलतात यावर. त्याआधी लोकांचा समज असा की घर बदलणारी माणसं म्हणजे अस्थिर, काहीतरी बिनसलेली. रॉसी म्हणाला तसं नाही, कुटुंब वाढतं, आकसतं, वयस्कर होतं आणि घर मात्र होतं तेवढंच राहतं, ती तफावत भरून काढायला माणूस हलतो. ४०२ चं नेमकं तेच झालंय. घर बिघडलं नाही, आईचं वय पुढं गेलं.

बी-१०१: सर फिलाडेल्फियात पण पार्किंगवरनं भांडणं होत्यात का

ए-४०१ सर: पुढचं ऐक. १९७४ साली ऑल्डन स्पिअर यानं ऱ्होड आयलंडमधल्या लोकांना आधी विचारलं घरावर, परिसरावर किती समाधानी आहात, आणि वर्षभरानं बघितलं कोण कोण हललं. त्याचं म्हणणं असं की वय, खोल्या कमी पडणं, घर स्वतःचं की भाड्याचं, किती वर्षं राहताय, ह्या गोष्टी माणसाला थेट घराबाहेर काढत नाहीत. त्या आधी समाधानावर परिणाम करतात, ते एका पातळीखाली गेलं की मग मनात येतं की बघूया दुसरीकडं. अण्णा कुरकुर करतात पण त्यांचं समाधान त्या पातळीखाली कधी गेलेलंच नाही.

सी-१०२ अण्णा: कोण म्हणतं

बी-३०२ वहिनी: तुमची बायको म्हणते अण्णा

सी-३०१: नमस्कार, आम्ही भाडेकरू त्यामुळे बोलावं का नको कळेना, पण सरांचं वाचून राहवलं नाही. आम्ही लग्नानंतर ६ वर्षांत चार घरं बदलली. पहिलं राजारामपुरीत, झकास घर, हवेशीर, पण खालच्या दुकानाची माणसं आमच्या दारातच गाडी लावायची आणि मालक म्हणायचा ॲडजस्ट करा. कॉन्ट्रॅक्ट संपायच्या आधीच निघालो, डिपॉझिटचे अर्धे पैसे अजून यायचे आहेत. इथं उलटं आहे, किचनचा ओटा एवढासा आहे की कणीक मळायला ताट जमिनीवर घ्यावं लागतं, बाथरूममध्ये ओल आहे, तरी मालकानं दोनदा भाडं वाढवलं आणि आम्ही दोन्ही वेळेला गप दिलं. कारण पोरगी खाली खेळायला गेली तर मला वाकून बघावं लागत नाही. आठ गॅलऱ्यांतून कुणी ना कुणी बघतच असतं.

ए-२०३ वहिनी: 🥹

बी-१०१: ते बघणं कधी कधी लई होतं पण. मी पहाटे किती वाजता आलो ते माझ्या आईला माझ्याआधी कळतंय

बी-२०४: मी प्रॉपर्टीतला माणूस आहे म्हणून जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. गिऱ्हाईक येतं तेव्हा पहिला प्रश्न लिफ्टचा नसतो, पहिला प्रश्न असतो पूर आला तेव्हा पाणी कुठवर होतं. निळ्या रेषेत येतं का विचारतात, म्हणजे साधारण २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची रेषा, आणि लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदाची. आपल्या इथं कागदावर काय आहे ते आधी बघून ठेवा. ५१ टक्के सह्या मिळाल्या की रिडेव्हलपमेंट करू म्हणताय सारखं, सह्या मिळतील पण रेषेतनं परवानगी मिळाली पाहिजे. त्यामुळं ४०२ ला आत्ता जो रेट मिळेल तो घ्यावा असं माझं मत.

सी-१०२ अण्णा: आता तूच सगळ्यांना घाबरवून रेट पाड

ए-२०३ वहिनी: पुराचं काढलंच आहे तर सांगते. ऑगस्ट २०१९. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, हे आपल्याला पोरांच्या पाढ्यासारखं पाठ, त्या वर्षी ५५ च्या वर गेलं. पार्किंगमध्ये छातीएवढं पाणी, पंप बुडालेले म्हणून नळाला थेंब नाही, हायवे बंद, पेट्रोल नाही, लाइट नाही. खाली इतकं पाणी आणि वर प्यायला नाही. ४०२ मावशींच्या घरात सगळ्यांचा मिळून स्वयंपाक चालला होता कारण त्यांच्याकडं दोन सिलिंडर भरलेले होते. आमच्या ह्यांची शुगर, इन्सुलिन थंड ठेवायला मावशींनी माठाच्या ओल्या फडक्यात ठेवलं. २०२१ ला परत तेच. तेव्हा कुणी म्हणालं नाही की चौथा मजला लांब पडतो. उलट सगळे तिथंच.

बी-४०२: वहिनी हे सगळं माहीत आहे ओ. म्हणूनच तर दोन वर्षं निघाली निर्णय घ्यायला.

ए-२०३ वहिनी: मावशींना विचारलंत का? परवा मी वर गेले होते कुरडया घेऊन. म्हणाल्या, तिकडं लिफ्टनं खाली येईन गं, पण खाली येऊन बोलायचं कुणाशी.

(बी-४०२ टाइप करतायत असं बराच वेळ दिसत होतं, मग काहीच आलं नाही)

सी-१०२ अण्णा: लिफ्ट बसवायचं काय झालं? ३ वर्षांपूर्वी कोटेशन आलं होतं

सेक्रेटरी काका: अण्णा, तुम्हीच विरोध केला होता. पहिल्या मजल्यावाल्यांनी पैसे का द्यायचे असं लेखी दिलंय, फाइलला आहे.

सी-१०२ अण्णा: तेव्हा माझेपण गुडघे चालत होते

बी-१०१: 😂😂 अण्णा नाद खुळा

सेक्रेटरी काका: आता विषय निघालाच आहे तर माझंही सांगतो, सेक्रेटरी म्हणून नाही. माझा मुलगा पुण्यात आहे, चार वर्षं म्हणतोय इकडे या. २२ मजली टॉवर, पोहायचा तलाव, जिम, सगळं. मागच्या मे महिन्यात हिला घेऊन महिनाभर राहून आलो. घर विचाराल तर आपल्या दुप्पट चांगलं. पण सकाळी दूध आणायला खाली उतरलो तर वॉचमननं विचारलं कुठल्या फ्लॅटमध्ये आलाय, आणि हे तिसाव्या दिवशीसुद्धा विचारलं. इथं गंगावेशीत दूध कट्ट्यावर जातो तर मी पोचायच्या आधी पेला भरलेला असतो. परत आल्यावर मुलाला सांगितलं की उन्हाळ्यात येत जाऊ. त्याला वाटतं बाबा हट्टी आहेत.

ए-४०१ सर: काका, वर्गात हे उदाहरण वापरलं असतं. घराला मार्क वेगळे, परिसराला वेगळे. घरातली खोट माणूस पैसे घालून दुरुस्त करतो, ओटा वाढवतो, फरशी बदलतो. परिसर आपल्या हातात नसतो, तिथं दोनच वाटा, सहन करा नाहीतर उठा. आणि बरेच जण तिसरी वाट काढतात, अपेक्षाच कमी करून घेतात, मग विचारलं की म्हणतात बरं चाललंय.

बी-१०१: सर ते थेट पाइपलाइनसारखं झालं. इतकी वर्षं वाट बघून आमची अपेक्षाच गेली होती, २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी शहरात आलं तर खरं वाटंना

बी-२०४: पाइपलाइनचा विषय नको, रात्र जाईल

बी-३०२ वहिनी: आर. के. नगरात माझी नणंद राहते. हवा चांगली, उंचावर आहे, पुराचं टेन्शन नाही. पण सुरुवातीला ती रोज संध्याकाळी स्कूटीवरनं जुन्या गल्लीत यायची भाजी घ्यायला. आता येत नाही, रमली. तिला दीड वर्ष लागलं आणि ती चाळिशीची आहे. मावशी ७८ च्या.

बी-४०२: जेवायला बसलो होतो. वहिनी, आईला विचारलं. खरं सांगायचं तर आत्ता पहिल्यांदाच नीट विचारलं, आधी फक्त सांगत होतो. ती म्हणाली, तू ठरवलंयस तर चल, पण तिथं कितव्या मजल्यावर घेतलायस. म्हटलं सहाव्या. तर म्हणाली एवढी लांब दोरी मिळंल का.

ए-२०३ वहिनी: अगं बाई

बी-४०२: हसलो आम्ही दोघंपण. पण जाणार आहोत. परवा बाथरूममध्ये तोल गेला तिचा, अँब्युलन्सवाली दोन पोरं तिला खुर्चीत बसवून ७२ पायऱ्या उतरली, मी मागनं येत होतो. त्यानंतर टोकन दिलं. हे आधी सांगितलं नव्हतं.

बी-१०१: मला का नाही उठवलंस रे. मी खालीच तर हाय

बी-४०२: पहाटे ४ वाजले होते

बी-१०१: मी ४ लाच येतो घरी, सगळ्यांना म्हाईत हाय ते 😔

सेक्रेटरी काका: ठीक आहे. रविवारी एनओसी विषय पत्रिकेत घेतो. ट्रान्सफरचं प्रीमियम, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते ते, जास्तीत जास्त २५,००० रुपयांपर्यंतच घेता येतं, त्यापेक्षा जास्त मागायचा प्रश्न नाही, कुणी डोनेशन वगैरे विषय काढू नये. लिफ्टचं कोटेशन पण नवीन मागवतो. ४०२ साठी उशीर झाला, पण ४०१ मध्ये सरपण आहेत.

ए-४०१ सर: माझे गुडघे सध्या ठीक आहेत 🙂 पण मागवा.

सी-१०२ अण्णा: येणाऱ्याकडं गाड्या किती ते विचारून घ्या आधी. दोन फोरव्हीलर असतील तर मी सही करणार नाही

बी-२०४: भाऊ, स्टॅम्प ड्युटीचं एक सांगतो, घेणारी बाई असेल आणि तिच्या एकटीच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट आहे. गिऱ्हाइकाला सांगा, पटकन बसेल

सी-३०१: काका, तुमचा आकडा काय आहे? मिसेस विचारतीय. किचनचा ओटा किती फुटांचा आहे ते पण सांगा

बी-४०२: ओटा १० फूट आहे. वर या आत्ता, आई जागी आहे

सी-३०१: आलो. एकच स्कूटी आहे अण्णा