पत्ता नसलेल्या माणसाच्या थुंकीची तपासणी कशी करून घ्यावी?

प्रश्न : दुकानदार, म्हापसा

नमस्कार. म्हापशाच्या बाजारात माझे वह्या-पुस्तकांचे लहानसे दुकान आहे. दुकानाच्या पडवीत गेली दोन वर्षे एक हमाल रात्री झोपायला येतो. मूळचा विजापूरकडचा, वय पंचेचाळिशीच्या आसपास, कन्नड आणि कामापुरते मराठी बोलणारा. पावसाचे पाणी पडवीत आले की तो कदंब बसस्थानकाच्या छपराखाली जातो आणि शुक्रवारच्या बाजाराच्या आदल्या रात्री भाजीच्या टेम्पोतच आडवा होतो. त्याला महिनाभर खोकला आहे. वजन किती घटले हे सांगता येत नाही, पण पँट कमरेला सुतळीने बांधावी लागते, त्यावरून काय ते कळते.

क्षयरोगाच्या तपासणीसाठी मी त्याला एका सरकारी आरोग्य केंद्रात घेऊन गेले. खिडकीवर पत्ता विचारला, आधार विचारले. आधार गावी आहे. अखेर माझ्या दुकानाचा पत्ता आणि माझाच मोबाइल क्रमांक लिहून दिला, तेव्हा झाकणाची एक डबी हातात पडली आणि ‘उद्या सकाळचा बेडका घेऊन या’ असे सांगण्यात आले. ती डबी त्याने शटरच्या कडेला ठेवली होती, पहाटे झाडूवाल्याने ती कचरा समजून उचलली. दुसऱ्या वेळी त्याने डबी नेली, तर ‘यात नुसती लाळ आहे’ म्हणून परत पाठवले. प्रत्येक खेपेला त्याची अर्ध्या दिवसाची हमाली बुडते. आता तो यायलाच तयार नाही.

माझे प्रश्न असे आहेत. या तपासणीला आधार लागतेच का? परराज्यातील माणूस म्हणून त्याच्याकडून पैसे घेतले जातील का? आणि ज्याचा रात्रीचा ठिकाणाच ठरलेला नाही, त्याच्यापर्यंत अहवाल पोहोचवायचा कसा?

उत्तर : निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, फोंडा

ताई, आधी पैशांचे सांगतो, कारण त्या भीतीनेच निम्मे लोक इस्पितळाची पायरी चढत नाहीत. २०१८ पासून गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, परराज्यांतील रुग्णांकडून शुल्क घेतले जाऊ लागले आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या राज्याच्या आरोग्य विमा योजनेच्या कार्डासाठी गोव्यातील पाच वर्षांचे वास्तव्य लागते. या दोन्ही गोष्टी लोकांच्या डोक्यात एक होऊन बसल्या आहेत. क्षयरोगाची तपासणी आणि औषधे राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमातून मिळतात आणि ती गोंयकारालाही मोफत, विजापूरवाल्यालाही मोफत. आधार आणि बँक खाते लागते ते निक्षय पोषण योजनेच्या, म्हणजे क्षयरुग्णाला आहारासाठी मिळणाऱ्या, पैशांसाठी. ही रक्कम पूर्वी महिना ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाली. आधार नाही म्हणून थुंकी तपासायला नकार देणे चुकीचेच आहे. तसे कोणी केल्यास १८००-११-६६६६ या निःशुल्क क्रमांकावर सांगता येते.

आता डबीविषयी. नियमाप्रमाणे दोन नमुने घेतात, एक आल्याबरोबर आणि दुसरा सकाळी उठल्यावरचा. मात्र ज्याला पुन्हा येणे शक्य नाही, त्याचे दोन्ही नमुने एकाच दिवशी, तासाभराच्या अंतराने घेण्याची सोय त्याच नियमात आहे. आपल्या माणसाला ही सोय कोणी सांगितली नाही, हे मला अधिक खटकले. घरात राहणाऱ्याला सकाळचा नमुना सोपा जातो. तो उठतो, चूळ भरतो, खिडकीशी उभा राहून खोकतो. पडवीत झोपणाऱ्याने चूळ कुठल्या नळावर भरायची आणि बाजार उघडत असताना चारचौघांत डबीत खोकायचे कसे? लाळ आली ती त्यामुळेच. त्याला मोकळ्या जागी, वारा पाठीमागून येईल असे उभे करा, पाण्याने तोंड धुवायला सांगा, दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन थोडा थांबवून धरायला सांगा आणि मग छातीतून खोकू द्या. जे येईल ते दाट आणि पिवळसर असते. ते लाळेसारखे ओघळत नाही, डबीच्या तळाशी चिकटते.

यंत्राची बाजू आता लंगडी राहिलेली नाही. ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे यंत्र आपल्याच वेर्णा येथील कंपनीचे आहे आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. क्षयरोगाचे जंतू आहेत की नाहीत हे त्यावर साधारण तासाभरात कळते आणि रिफाम्पिसिन हे औषध लागू पडेल की नाही हे आणखी तासाभरात. आमची अडचण वेगळीच असे. अहवाल दुपारी तयार होई आणि माणूस सकाळीच निघून गेलेला असे. म्हणून माझा सल्ला असा की त्याला बाजार सुस्त असलेल्या दिवशी न्या, सोबत जेवणाचा डबा द्या आणि अहवाल हाती येईपर्यंत तिथेच बसवा.

उत्तर : बांधकाम पर्यवेक्षक, पर्वरी

वरील उत्तराशी सहमत आहे, पण एक व्यवहाराची गोष्ट मांडतो. गोव्यात बांधकाम मजुरांचे आरोग्य कार्ड काढून देणे ही कंत्राटदाराची जबाबदारी आहे. मलेरियाच्या धास्तीने ही पद्धत रूढ झाली आणि तिचा उपयोगही झाला, कारण ताप आलेल्या मजुराचे बोट टोचून काचपट्टी घेणारा माणूस साईटवर येऊ लागला. मजुराला घर नसले तरी साईटचा पत्ता असतो, आणि तपासणीपुरता तेवढा पुरतो.

तरीही एक प्रसंग विसरता येत नाही. आमच्या एका मुलाला व्हायवॅक्स मलेरिया निघाला. क्लोरोक्विन तीन दिवसांत संपले, ताप उतरला, पण प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस घ्यायच्या होत्या. सहाव्या दिवशी मुकादमाने त्याला दुसऱ्या साईटवर हलवले. कार्ड मुकादमाच्या पिशवीत राहिले आणि गोळ्यांची पट्टी पत्र्याच्या खोलीत. यकृतात दडलेले जंतू त्या उरलेल्या गोळ्यांनीच मरायचे असतात, त्यामुळे दोन महिन्यांनी ताप परत आला आणि नव्या साईटवर तो ‘नवा रुग्ण’ म्हणून नोंदला गेला. माझे मत असे की अशा माणसाला एक जामीन लागतो. ताई, आपण आपला पत्ता आणि फोन दिला हे उत्तम केले. अहवाल आपल्याकडे येऊ द्या, त्याला शोधण्याचे काम आपोआप होईल.

उत्तर : समुपदेशक, वास्को

पर्यवेक्षक महोदयांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत होऊ शकत नाही. माझे काम एचआयव्ही तपासणीशी निगडित आहे. तिथे तीन वेगवेगळ्या किटवर केलेल्या चाचण्यांचा निकाल बहुधा त्याच दिवशी देता येतो, आणि २०१७ चा कायदा, जो १० सप्टेंबर २०१८ रोजी लागू झाला, तपासणीपूर्वी संमती आणि निकालानंतर गोपनीयता बंधनकारक करतो. क्षयाला तो कायदा लागू होत नाही, पण माणूस तोच असतो. ज्याच्या पडवीत झोपायचे त्याच्याच फोनवर आपला आजार कळणार असेल, तर शहाणा माणूस तपासणी टाळतो. यात अडाणीपणा नाही, निवाऱ्याचा हिशेब आहे.

गोव्याला याची जुनी आठवण आहे. १९८९ साली रक्तदानानंतर एचआयव्ही आढळला म्हणून डॉमिनिक डिसोझा यांना आरोग्य कायद्याच्या आधारे ६४ दिवस एका जुन्या क्षयरोग इस्पितळात डांबून ठेवले होते. त्यांच्या आईने उच्च न्यायालयात धाव घेतली, तरी ती तरतूद न्यायालयाने रद्द केली नाही. तपासणी म्हणजे पकड, ही समजूत त्या काळापासून मुरली आहे. पुढे २००४ च्या जूनमध्ये बायणा किनाऱ्यावरील झोपड्या पाडल्या गेल्या, आणि देहविक्रय करणाऱ्या ज्या स्त्रियांपर्यंत आरोग्य कार्यकर्त्या घरोघर पोहोचत होत्या त्या एका दिवसात विखुरल्या. तपासणी केंद्र जागेवरच होते, पण तिथे येणाऱ्यांना राहायला जागा उरली नव्हती.

म्हणून मी नोंद करताना ‘पत्ता काय’ असे विचारत नाही. ‘संध्याकाळी सातला कुठे सापडाल आणि तिथे कोणाच्या कानावर गेलेले चालेल’ असे विचारते. उत्तरे फार नेमकी मिळतात: अमुक गाड्यावर, तमुक धक्क्यावर, गुरुवारी नाही. निकाल कोणाला सांगायचा हे मात्र त्याने ठरवायचे. ताई, तो क्रमांक लिहिण्यापूर्वी आपण त्याला विचारले होते का?

उत्तर : बांधकाम पर्यवेक्षक, पर्वरी

मुद्दा मान्य आहे. तरी साथीच्या आजारात इतका वेळ नसतो, एवढे नोंदवून ठेवतो. २०२४ मध्ये कुटबण जेटीवर कॉलरा पसरला, तेव्हा ट्रॉलरवरच राहणारे कामगार दगावले. तिथे शौचाचा नमुना प्रतिजैविक देण्याआधी घ्यावा लागतो आणि ट्रॉलर समुद्रात गेला की माणूसही गेला आणि नमुनाही गेला. अशा ठिकाणी मालकाला कळवल्याशिवाय गत्यंतर नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. समुपदेशक ताईंचा प्रश्न वाचून मी दिवसभर अस्वस्थ होते, कारण उत्तर ‘नाही’ असे होते. संध्याकाळी त्याला विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘तुम्हाला कळले तर चालेल, पण शेजारच्या कापडवाल्याला नको, तो पडवीत झोपू देणार नाही.’ पडवी आम्हा दोघांची सामाईक आहे, हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

सोमवारी त्याला घेऊन गेले. एका तासाच्या अंतराने दोन नमुने मागितले, तेव्हा तेथील मुलीने लगेच मान्य केले. आवाराच्या मागच्या बाजूला फणसाखाली त्याने दोन्ही डब्या भरल्या. दुपारी तीनपर्यंत आम्ही बाकावर बसलो. त्याने डबा संपवला आणि मला एकदाही बाहेर कुठे जाऊ दिले नाही. अहवालात क्षयरोगाचे जंतू आहेत आणि रिफाम्पिसिन लागू पडते असे आले. सहा महिन्यांची औषधे आहेत. लघवी नारिंगी होईल, घाबरू नका, असेही त्याला मुलीने सांगितले. ते त्याने मला कन्नडमध्ये आणि पुन्हा मराठीत ऐकवले.

फॉर्मवरचा माझा क्रमांक त्याच्या सांगण्यावरून तसाच ठेवला आहे. गोळ्यांची पट्टी मात्र त्याने माझ्या दुकानात ठेवायला नकार दिला. ती बसस्थानकाजवळच्या चहाच्या गाड्यावर, साखरेच्या डब्यामागे आहे. गाडेवाला त्याच्याच तालुक्यातला आहे, आणि पाऊस असो वा बाजार, सकाळचा पहिला चहा तो तिथेच घेतो.